चित्ता कोणी मारला?



गावाबाहेरच्या उसात बिबट्या दिसला की दुसऱ्या दिवशी चावडीवर आणि एस. टी. च्या थांब्यावर ‘चित्ता आला’ अशी आवई उठते. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने ठिपक्यांचे जनावर खरोखरच पाहिलेले असते. परंतु ते चित्ता नसते, कारण महाराष्ट्राच्या रानात चित्ता उरलेलाच नाही. बिबट्याच्या अंगावर पोकळ कड्यांसारखे ठिपके असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव, शाईचे थेंब पडावेत तसे. चित्त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत एक काळी रेघ ओघळलेली असते, ती बिबट्याला नसते. एवढा ढळढळीत फरक असून आपण दोघांत घोटाळा करतो, ह्याचे कारण सरळ आहे. त्यांतला एक आपण पाहतो आणि दुसऱ्याचे केवळ नाव आपल्याजवळ राहिले आहे.

हे नाव मात्र अस्सल आपले. संस्कृतातील ‘चित्रक’ म्हणजे ठिपकेदार, चितारलेला, त्यावरून ‘चित्ता’. इंग्रजांनी हा शब्द येथूनच उचलला आणि आज साऱ्या जगात तो प्राणी ह्याच नावाने ओळखला जातो. ज्या देशाने जगाला त्याचे नाव दिले, त्या देशातून तो प्राणी मात्र नाहीसा झाला. तो कसा नाहीसा झाला, आणि कोणी नाहीसा केला, ह्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

ह्या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे, आणि ते बहुतेकांनी ऐकलेले असते. १९४७ साली, आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानात, महाराज रामानुज प्रताप सिंह देव रात्री मोटारीतून जात असता दिव्यांच्या उजेडात तीन नर चित्ते दिसले. तिघेही एका वयाचे, बहुधा एकाच आईचे. महाराजांनी तिघांनाही गोळ्या घातल्या. त्यांच्या चिटणिसांनी हा वृत्तान्त छायाचित्रासह ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकाकडे पाठविला. संपादकांनी तो छापला, पण कौतुक म्हणून नव्हे. त्याला त्यांनी आपल्या संतापाची टीप जोडली. त्यानंतरही कोठे कोठे चित्ता दिसल्याच्या वार्ता येत राहिल्या, परंतु निःसंशय असा पुरावा मिळाला नाही. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने मान्य केले.

तेव्हा चित्ता कोरियाच्या महाराजांनी मारला, असे म्हणून हात झटकता येतात. परंतु बंदुकीच्या दोन-तीन गोळ्यांनी एखादी प्राणिजात संपत नसते. ती त्याआधीच इतकी खंगलेली असावी लागते की, तीन जीव जाताच मागे कोणी उरू नये. एखाद्या घराण्याचा शेवटचा दिवा ज्या रात्री विझतो, ती रात्र ते घराणे बुडाल्याची नव्हे. तेल त्यापूर्वीच आटलेले असते. हे तेल कोठे आटले, ते पाहू.

त्यासाठी आधी चित्त्याचे घर कोणते हे ध्यानात घेतले पाहिजे. वाघाला दाट जंगल लागते. बिबट्याला जंगल चालते, डोंगर चालतो, नाही तर उसाचा फडही चालतो. चित्त्याचे तसे नाही. त्याचा सारा देह धावण्यासाठी घडला आहे. लांब पाय, लवचीक कणा, तोल सावरणारी शेपूट आणि मांजराप्रमाणे पुरती आत न जाणारी, जमीन पकडून ठेवणारी नखे. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग तो गाठतो, पण तो वेग काही शे मीटरच टिकतो. तेवढ्यात सावज हाती आले तर आले. नाही तर धापा टाकीत बसावे लागते. अशा प्राण्याला मोकळे मैदान हवे, लपत लपत जवळ जाण्यापुरते गवत हवे आणि भक्ष्य म्हणून काळवीट व चिंकारा हवेत. सारांश, चित्ता हा अरण्याचा नव्हे, माळाचा प्राणी. कुसळी, पवन्या, मारवेल ह्या गवतांचा, मध्येच एखादे बोरीचे किंवा हिवराचे झाड असलेला, मुरमाड जमिनीचा जो उघडा प्रदेश दख्खनपासून राजस्थान-पंजाबपर्यंत पसरलेला होता, तो त्याचा मुलूख. त्याच्या नाशाचा इतिहास हा खरे पाहता ह्या माळाच्या नाशाचा इतिहास आहे. पण तो सुरू होतो मात्र एका विलक्षण ठिकाणी, म्हणजे राजांच्या लाडाकोडात.

चित्ता माणसाला सहज माणसाळतो. हाच त्याचा गुण त्याला भोवला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात चित्त्याकडून हरणांची शिकार करविण्याचे वर्णन आहे. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी, आपल्या अगदी शेजारी, हा खेळ पुरता रुळलेला होता. मोगलांच्या काळी तो शिगेला पोचला. अकबराला चित्त्यांचे वेडच होते. अबुल फजलाने ‘ऐने अकबरी’त त्यांची सारी व्यवस्था नोंदवून ठेवली आहे. चित्त्यांचे आठ वर्ग होते, पहिल्या वर्गाच्या चित्त्याला रोज पाच शेर मांस मिळे, आणि पकडलेला चित्ता शिकारीला तयार करण्यास पूर्वी महिने लागत ते काम बादशहा अठरा दिवसांत करी, असे त्याने लिहिले आहे. दरीवरून झेप घेऊन हरीण पकडणाऱ्या एका चित्त्याची बादशहाने मनसबदारासारखी बढती केली आणि त्याच्यापुढे नगारा वाजविण्याची आज्ञा दिली. चित्त्याला छकड्यावर बसवून डोळ्यांवर टोपी घालून माळावर नेत; हरणांचा कळप दिसला की टोपी काढून त्याला सोडीत.

आता ह्या थाटामागचे गणित पाहा. लहानपणी पकडलेला छावा शिकारीच्या उपयोगाचा नसे. चित्त्याची मादी पिल्लांना सुमारे दीड वर्ष सांभाळते आणि त्या काळात शिकार शिकविते. ही विद्या कोणत्याही चित्तेवानाला शिकविता येत नव्हती. म्हणून दरबाराला हवा असे तो रानात स्वतः शिकार करून वाढलेला, जाणता चित्ता. नागौर, हिसार, भटिंडा ह्या भागांत त्यांना खड्ड्यांत पाडून किंवा फाशात अडकवून पकडीत. चित्ते काही ठराविक झाडांपाशी नखे घासण्यास व खूण ठेवण्यास येतात. फासे तेथेच मांडलेले असत. असे एक एक करून माळावरचे वयात आलेले, पिले देण्याच्या उमेदीतले जीव उचलले जात.

आणि पिंजऱ्यात आल्यावर त्यांचा वंश थांबे. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, वडिलांनी एके काळी एक हजार चित्ते जमविले, त्यांची जोडपी जमावीत अशी त्यांची फार इच्छा होती, पण ते काही साधले नाही. पुढे जहांगीराच्याच कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास, एक नर गळ्यातला पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिले झाली. बादशहाला ही गोष्ट इतकी नवलाची वाटली की तिने त्याच्या रोजनिशीत जागा मिळविली. नवल खरेच होते, कारण त्यानंतर बंदिवासात चित्त्याची पिले झाल्याची नोंद सापडते ती थेट १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मध्ये साडेतीनशे वर्षांच्या जवळपास काळ गेला. एवढ्या काळात दरबारी चित्त्यांची प्रत्येक पिढी रानातून उसनी घेतली गेली आणि हे उसने कधीच फेडले गेले नाही.

तरी मोगलांच्या हातून चित्ता संपला नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण माळ अफाट होता. तळे मोठे असेल तर घागरींनी आटत नाही. तळेच बुजवू लागले म्हणजे मात्र प्रत्येक घागर जाणवते. ते बुजविण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले.

कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या सरकारच्या दृष्टीने जमिनीचे दोन प्रकार होते. सारा देणारी जमीन आणि न देणारी जमीन. नांगराखाली आलेली ती कामाची. सागवान देणारे जंगलही कामाचे, म्हणून त्यासाठी जंगलखाते झाले, कायदे झाले. पण माळ ना धान्य देई, ना सागवान. त्याच्या वाट्याला दप्तरात एकच शब्द आला, ‘पडीक’. आमच्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आजही ‘पोटखराबा’ असा एक रकाना असतो. लागवडीच्या उपयोगाचा नाही तो जमिनीचा भाग त्यात लिहितात. ह्या एका शब्दात किती अन्याय भरला आहे पाहा. जेथे धनगराची मेंढरे चरतात, काळवीट पोसले जाते, लांडगा आणि खोकड बीळ करतात, गवताची मुळे पावसाचे पाणी आणि माती धरून ठेवतात, ती जमीन ‘खराब’! जमिनीला एकदा हे नाव लागले की तिचे काही केले तरी नुकसान झाले असे कोणास वाटत नाही.

मग नांगर आला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस बंद पडताच मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी पोचली, १८७० साली खामगावला फाटा गेला आणि वऱ्हाडातील गवताचे पट्टे पाहता पाहता कपाशीखाली आले. तिकडे पंजाबात शतकाच्या अखेरीस मोठमोठे कालवे काढून, जेथे झुडपांचे उजाड माळ होते तेथे शेतकऱ्यांच्या वसाहती वसविल्या गेल्या. ह्यात शेतकऱ्याला मी दोष देत नाही. ज्याच्या घरी खाणारी तोंडे आहेत आणि दारात सारावसुलीचा तगादा आहे, त्याने जमीन नांगरली नसती तरच नवल. पण चित्त्याच्या बाजूने पाहिले तर परिणाम एकच झाला. माळाचे तुकडे पडले, काळविटांचे कळप विरळ झाले आणि भुकेला चित्ता मेंढराकडे वळला.

मेंढरू मारणारा चित्ता उपद्रवी ठरला. १८७१ पासून चित्त्याच्या जिवावर सरकारी इनाम लावल्याच्या नोंदी सापडतात. ज्याच्यापुढे बादशहाने नगारा वाजविला, त्याच्या कातड्याची किंमत आता मामलेदार कचेरीत मोजून मिळू लागली. आणि योगायोग असा की, त्याच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि आपल्याकडील पारधीही त्यात ओढले गेले. पारध्यांत चित्ते बाळगणाऱ्यांची ‘चित्ता पारधी’ अशी एक शाखाच होती. माळावरचा प्राणी उपद्रवी आणि माळावरचा माणूस गुन्हेगार! ज्या लेखणीने जमिनीला ‘पडीक’ म्हटले, तिनेच हीही दोन नावे दिली. ह्या तिन्ही गोष्टी एकाच माळाच्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लेखणीचा रोख कळतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्त्याची काय अवस्था झाली होती, ह्याचा साक्षीदार आपल्या घरचाच आहे. कोल्हापूर संस्थानाला चित्त्यांच्या शिकारीचा मोठा नाद होता. राजर्षी शाहू महाराजांच्या वेळी आणि त्यांच्यानंतरही तेथे चित्ते आणि चित्तेवान होते. चित्तेवान चित्त्याच्या शेजारी खाटेवर निजत, त्याला हाताने भरवीत, शिकार झाली की लाकडी पळीतून रक्त पाजून त्याला सावजापासून सोडवीत, असे हे नाते. पण हे चित्ते आणले कोठून? भावनगर आणि कोल्हापूर ह्यांसारख्या संस्थानांना ते आफ्रिकेहून आगबोटीने मागवावे लागले. चित्त्याच्या इतिहासाचे अभ्यासक दिव्यभानुसिंह ह्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याचा तपशील दिला आहे. १९१८ ते १९४५ ह्या काळात सुमारे दोनशे चित्ते असे परदेशातून आले. ज्या देशात एक बादशहा हजार चित्ते जमवी, त्या देशातील राजांना शिकारीसाठी समुद्रापलीकडून चित्ते विकत घ्यावे लागले! दिव्यातले तेल आटले होते, असे मी म्हणालो ते ह्याचसाठी. कोरियाची ती रात्र उजाडण्याच्या पुष्कळ आधी हा निकाल लागून चुकला होता.

स्वातंत्र्यानंतर आपण हळूहळू जागे झालो. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याच दशकात इराणशी बोलणी करून तिकडचे चित्ते आणण्याचा विचार झाला, पण तो तडीस गेला नाही. आशियाई चित्ता आता जगात फक्त इराणातच उरला आहे आणि तोही फारच थोडा. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली प्रयोग म्हणून परवानगी दिल्यावर आफ्रिकी चित्ते आणले गेले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेहून बारा, असे वीस चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. त्यांतले काही मेले, काहींना येथे पिले झाली, २०२५ साली काहींना गांधीसागर अभयारण्यात नेले. हा प्रयोग फसला म्हणावा की साधला म्हणावा, ह्यावर जाणत्यांत वाद आहेत आणि मी त्यात पडत नाही. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो. कुनोत आज जी गवताची मैदाने आहेत, ती बहुतांशी उठविलेल्या गावांच्या शेतजमिनीवर उगवलेली आहेत. गीरच्या सिंहांसाठी म्हणून तेथील चोवीस गावे हलविली गेली. त्यांत सहरिया आदिवासींचा भरणा होता. सिंह आले नाहीत, चित्ते आले. जुन्या माळाचे आपण जे केले, त्याची भरपाई कोणाच्या तरी घरादारावरून नांगर फिरवून करावी लागते, आणि तो कोणीतरी बहुधा सर्वांत गरीब असतो.

आता थोडे आपल्याकडे पाहू. चित्ता गेला, पण त्याच्या माळावरचे सोबती अजून आहेत. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते सुमारे पाच चौरस किलोमीटर. लांडगा, खोकड, तरस ह्यांचा तर बराचसा संसार अभयारण्याबाहेर, गायरानात आणि पोटखराब्यातच चालतो. आणि ह्या जमिनींवर आता सर्वांचाच डोळा आहे. कोठे धरणाचे पाणी येऊन ऊस होतो, कोठे कारखान्याची वसाहत होते, कोठे शहरातील माणसे शनिवार-रविवारच्या घरांसाठी भूखंड पाडतात. ऊस झाला की तेथे काळवीट टिकत नाही, बिबट्या मात्र येतो. जुन्नर-शिरूरच्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. तेव्हा ‘चित्ता आला’ ही जी आवई मी प्रारंभी सांगितली, तिच्यात नकळत केवढा इतिहास दडला आहे ते पाहा. माळ मोडल्यामुळे जो प्राणी गेला, त्याच्याच नावाने आपण, माळ मोडल्यामुळे जो प्राणी दारात आला, त्याला हाक मारीत आहोत.

ह्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, माळाचे नुकसान आपण सत्कृत्य समजूनही करतो. उजाड टेकडी किंवा मोकळे रान दिसले की ‘येथे झाडे लावली पाहिजेत’ असे आपल्या मनात येते. शाळा, मंडळे, कचेऱ्या, सारे पुढे सरसावतात. खड्डे खणून गिरिपुष्प नाही तर सुबाभूळ लावली जाते आणि छायाचित्रे निघतात. जेथे पूर्वी जंगल होते आणि तोडले गेले, तेथे झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, ह्यात शंका नाही. पण जो माळ हजारो वर्षे माळच होता, तेथे झाडांची दाटी करणे म्हणजे तेथल्या रहिवाशांना घराबाहेर काढणे होय. झाडांच्या दाटीत काळवीट आपला शत्रू दुरून पाहू शकत नाही, आणि सावलीखाली त्याचे गवत उगवत नाही. ज्या साहेबी दप्तराने माळाला ‘पडीक’ म्हटले ते गेले, पण त्याचे डोळे आपण अजून वापरतो आहोत.

मग चित्ता कोणी मारला? कोरियाच्या महाराजांनी शेवटचे मारले, हे खरे. त्याआधी बादशहांनी प्रेमाने मारला, सरकारने इनाम लावून मारला, आणि सर्वांत अधिक मारला तो त्याच्या जमिनीला निरुपयोगी ठरविणाऱ्या शब्दाने. पहिल्या दोहोंना आता कायद्याने बंदी आहे. तिसऱ्याला कायदा पुरा पडत नाही, कारण तो शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहे.

म्हणून आपणांपुढे मागणे मागतो ते लहानसेच आहे. ह्या उन्हाळ्यात आपण गावी जाल. मोटारीच्या खिडकीतून वाळल्या गवताचा पिवळा माळ दिसेल आणि बरोबरचे कोणी म्हणेल, ‘केवढी जागा वाया गेली आहे!’ तेव्हा थोडे थांबून त्याला सांगा की ती वाया गेलेली नाही. ती जागा धरलेली आहे, आणि धरणारे अजून तेथे आहेत. मेंढरांमागे एखादा धनगर दिसेल, सकाळची वेळ असेल तर बांधावर खोकडही दिसेल. त्यांच्या जमिनीचे काय करावयाचे हे जेव्हा आपल्या गावच्या ग्रामसभेत ठरेल, तेव्हा तेथे हजर राहून ही एक गोष्ट बोलण्याइतके आज येथून घेऊन गेलात, तरी माझे हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.